फुलहॅमचा मालक, मायकेल जॅक्सनचा पुतळा आणि हॅम्बुर्गची फायनल

तुम्ही विचारलंय की फुलहॅम या लंडनच्या फुटबॉल क्लबच्या मालकाने मैदानाबाहेर खरंच मायकेल जॅक्सनचा पुतळा उभारला होता का, आणि त्याच्या असल्या लहरीपणामुळेच संघ 2010 ची युरोपा लीग या युरोपातल्या क्लबांच्या स्पर्धेची फायनल हरला का.

पुतळा खरा. पण पराभवाशी त्याचा काडीचाही संबंध नाही. अॅटलेटिको माद्रिदविरुद्धची फायनल हॅम्बुर्ग शहरात झाली 12 मे 2010 ला, पुतळ्याचं अनावरण 3 एप्रिल 2011 ला.

हे मालक म्हणजे मोहम्मद अल-फायेद. त्यांनी 1997 मध्ये क्लब घेतला तेव्हा फुलहॅम इंग्लिश फुटबॉलच्या तिसऱ्या श्रेणीत जेमतेम पोचला होता. पाच वर्षांत प्रीमियर लीगमध्ये, म्हणजे सर्वोच्च श्रेणीत, नेतो म्हणाले आणि 2001 मध्ये नेऊन दाखवलं. जॅक्सन त्यांचा मित्र. 1999 मध्ये तो विगनविरुद्धचा सामना बघायला आला होता, तेवढंच त्याचं क्लबशी नातं. पुतळा मुळात हॅरॉड्स या त्यांच्या दुकानासाठी करवून घेतला होता. फायनलच्या चारच दिवस आधी हॅरॉड्स विकल्याचं जाहीर झालं आणि पुतळा शेवटी क्रेव्हन कॉटेजवर, म्हणजे फुलहॅमच्या मैदानावर आला. चाहते वैतागले, तर पटत नसेल त्यांनी शेजारच्या प्रतिस्पर्धी चेल्सी क्लबकडे जावं, असं फायेद यांनी सुनावलं. नवे मालक शाहिद खान यांनी 2013 मध्ये तो हटवला. पुढच्याच वर्षी संघ खालच्या श्रेणीत गेला, तेव्हा फायेद यांनी त्याचं खापर पुतळा हलवण्यावर फोडलं.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. फायेद 2023 मध्ये वारले. पुढच्या वर्षी बीबीसीच्या माहितीपटानंतर अनेक महिलांनी त्यांच्यावर बलात्काराचे आणि लैंगिक अत्याचाराचे आरोप केले. क्लबमध्ये कुणाला त्रास झाला होता का, याचा शोध फुलहॅमलाही घ्यावा लागला. पुतळ्याचे किस्से रंगवताना हे विसरता कामा नये.

आता पराभवाचं. त्या संघाची युरोपातली मोहीम जुलै 2009 मध्येच लिथुआनियात सुरू झाली होती. शाख्तार, युव्हेंटस, वोल्फ्सबुर्ग, हॅम्बुर्ग असे एकेक गडी बाद करत ते पुढे गेले. प्रत्येक प्रतिस्पर्ध्याशी दोन सामने, दोन्हींचे गोल मिळून निकाल. त्यात युव्हेंटसविरुद्धचा दुसरा सामना तर जरूर बघा: पहिला सामना 3-1 ने हरलेले, घरच्या मैदानावर दुसऱ्याच मिनिटाला ट्रेझेगेचा गोल, आणि तिथून 4-1 ने विजय. 82 व्या मिनिटाला फुलहॅमच्या डेम्प्सीने गोलकीपरच्या डोक्यावरून चेंडू अलगद उचलून जाळ्यात टाकला. हॅम्बुर्ग संघाविरुद्धच्या सेमीफायनलच्या पहिल्या सामन्याला आइसलँडच्या ज्वालामुखीच्या राखेमुळे विमानं बंद होती, तर संघ रस्त्याने जर्मनीला गेला.

फायनल हा त्यांचा मोसमातला त्रेसष्ठावा सामना होता, आणि माझ्या मते खरं कारण तेच. पाय संपले होते. मोसमभर गोल करणारा बॉबी झामोरा टाचेच्या दुखापतीनिशी उतरला आणि 55 व्या मिनिटाला बाहेर आला. अॅटलेटिकोकडे फोर्लान आणि अगुएरो होते. फोर्लानने पहिला गोल केला, पाच मिनिटांत फुलहॅमच्या सायमन डेव्हिसने व्हॉलीवर (चेंडू जमिनीला टेकायच्या आत मारून) बरोबरी साधली. मग जादा वेळेत 116 व्या मिनिटाला डावीकडून अगुएरोचा क्रॉस आला, जवळच्या खांबापाशी फोर्लानने नुसता पाय लावला, आणि 2-1. पेनल्टी शूटआउट चार मिनिटांवर होतं. शेवटची शिट्टी वाजेपर्यंत फुलहॅमने हार मानली नव्हती, म्हणून तो पराभव मला आजही सलतो.

त्याच उन्हाळ्यात प्रशिक्षक रॉय हॉजसन लिव्हरपूलला गेले. युरोपात एवढी मजल फुलहॅमने पुन्हा मारलेली नाही.