नोकरकपातीचा तक्ता करताना

मथळ्यातला आकडा थेट तक्त्यात टाकू नका. ‘लेऑफ्स डॉट एफवायआय’ या टेक कंपन्यांतल्या कपाती नोंदवणाऱ्या संकेतस्थळावर जाहीर झालेल्याच कपाती येतात, राजीनामा लिहून घेऊन काढलेले त्यात बहुधा नसतात. अमेरिकेसाठी वॉर्न नोटिसा, म्हणजे कपातीआधी कायद्याने द्यावी लागणारी सूचना, पाहा. साधारणपणे १०० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या कंपनीला मोठ्या कपातीआधी ६० दिवस सूचना द्यावी लागते आणि बरीच राज्यं या याद्या प्रसिद्ध करतात. सूचनेची तारीख आणि कपातीची तारीख वेगळ्या रकान्यांत ठेवा, नाहीतर एकच कपात दोनदा मोजाल.

भारतात अशी सार्वजनिक यादीच नाही. मग टीसीएस, इन्फोसिस, विप्रोचे तिमाही निकाल उघडा (जुलै, ऑक्टोबर, जानेवारी, एप्रिल) आणि एकूण मनुष्यबळ मागच्या तिमाहीशी ताडा. घट म्हणजे कपातच असं नाही. गेलेल्यांच्या जागा भरल्या नाहीत तरी आकडा उतरतो. अ‍ॅट्रिशन (नोकरी सोडून गेलेल्यांचं प्रमाण) सहसा मागच्या १२ महिन्यांचं देतात, त्यामुळे वळण उशिरा दिसतं. शिवाय ते ‘स्वेच्छेने’ गेलेल्यांचं असतं. ती स्वेच्छा कितपत खरी, हे निकालात कळत नाही!

टीसीएसने जुलै २०२५ मध्ये सुमारे २ टक्के, म्हणजे १२,००० हून अधिक जणांची कपात जाहीर केली, ती पूर्ण आर्थिक वर्षासाठी. एका तिमाहीत कोंबू नका.