वाचकांचे प्रश्न : भाकरी, नाचणी आणि मोडाची मटकी

या महिन्यात आलेली बहुतेक पत्रे अख्ख्या धान्याच्या रोजच्या स्वयंपाकाविषयी आहेत. त्यांतील चार प्रश्न येथे घेतले आहेत.

प्रश्न : मी मूळची बार्शीची असून लग्नानंतर ठाण्यात राहते. माहेरी दोन्ही वेळा भाकरी असे, म्हणून मुलांनाही ती सवय लागावी अशी माझी इच्छा आहे. परंतु माझ्या ज्वारीच्या भाकरीला कडेने चिरा पडतात आणि बाजरीचे पीठ पंधरा दिवसांतच कडू लागते. मी महिन्याचे पीठ एकदमच दळून आणते. माझे कोठे चुकते?

उत्तर : ताई, आपली चूक भाकरी थापण्यात नसून महिन्याचे पीठ एकदम दळून आणण्यात आहे. बाजरीच्या दाण्यात इतर बऱ्याच धान्यांपेक्षा स्निग्धांश जास्त असतो. दाणा अख्खा असतो तोवर हा स्निग्धांश सुरक्षित राहतो, परंतु दळताच त्याचा हवेशी आणि दाण्यातल्याच पाचक द्रव्यांशी संबंध येतो आणि काही दिवसांत पीठ खवट, कडवट होते. तेव्हा बाजरी महिन्याची भरा, पण पीठ मात्र आठवड्यापुरतेच दळा, आणि उन्हाळ्यात तेही घट्ट झाकणाच्या डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवा. एक किलोचे दळण घ्यायला काही गिरणीवाले नाखूश असतात, हे मला ठाऊक आहे. अशा वेळी शेजारच्या दोन घरांनी मिळून दळण टाकावे आणि पीठ वाटून घ्यावे.

ज्वारीचे गणित थोडे वेगळे आहे. गव्हाच्या कणकेला ताण देणारे ग्लूटेन ज्वारीत नसते, त्यामुळे भाकरी एकसंध राहते ती ताज्या पिठाच्या चिकटपणामुळे, ज्याला आपल्याकडे विरी म्हणतात. पीठ जुने झाले की विरी जाते आणि कितीही मळले तरी कडा फाटतात. हाताशी असलेले पीठ वाया जाऊ नये म्हणून त्याला उकळते पाणी वापरा. एका भाकरीच्या पिठाला साधारण अर्धी वाटी पाणी चिमूटभर मीठ घालून उकळावे, त्यात पीठ घालून चमच्याने ढवळावे आणि पाच मिनिटे झाकून ठेवावे. उष्णतेने पिठातला स्टार्च फुगून चिकट होतो आणि गेलेल्या विरीची उणीव बरीच भरून निघते. नंतर लागेल तसे कोमट पाणी घेत तळहाताच्या टाचेने पीठ परातीत रगडून मळावे. एका वेळी एकाच भाकरीचे पीठ मळावे, आणि मळण्यात हात राखू नये, कारण बहुतेक चिरा अपुऱ्या मळण्यातून येतात.

थापलेली भाकरी तव्यावर टाकताना पिठाची बाजू वर ठेवावी आणि तिला लगेच पाणी लावावे. हे पाणी पूर्ण सुकण्याआधी भाकरी उलटावी, कारण पाणी वाळून गेले की वरचा थर तडकतो आणि मग पापुद्रा सुटत नाही. दुसरी बाजू नीट भाजून झाली की भाकरी जाळावर टाकावी. शक्य असल्यास सोलापूरकडची मालदांडी ज्वारी आणवून घ्या. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे आणि तिची पांढरीशुभ्र, मऊ, गोडसर भाकरी आपल्याला माहेरची आठवण करून देईल.

मुलांच्या ताटाविषयी एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. भाकरीबरोबर कुळथाचे पिठले, तुरीचे वरण किंवा एखादी उसळ असावीच. तृणधान्याच्या प्रथिनांत लायसीन हे अमिनो आम्ल कमी असते आणि डाळी-कडधान्यांत ते भरपूर असते, त्यामुळे दोन्ही एकत्र खाल्ली की एकाची उणीव दुसरे भरून काढते. भोगीच्या दिवशी तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोण्याचा गोळा आणि वांगी, घेवडा, गाजर, ओला हरभरा घातलेली मिसळभाजी आपण खातो, त्या ताटात हे सारे आधीच साधलेले आहे. ते ताट संक्रांतीच्या आदल्या दिवसापुरतेच का ठेवावे? थंडीच्या दिवसांत आठवड्यातून एकदा ते करावे.

प्रश्न : माझी नात आठ महिन्यांची आहे. आम्ही पूर्वीपासून बाळांना नाचणीचे वस्त्रगाळ सत्त्व देत आलो आहोत. सूनबाईंचे म्हणणे असे की मोड आणलेल्या नाचणीचे पीठच द्यावे. दोघींपैकी कोणाचे बरोबर आहे?

उत्तर : सत्त्व पचायला हलके असते आणि अगदी सुरुवातीच्या दिवसांत बाळाला गुळगुळीत खीर गिळायला सोपी जाते, त्यामुळे आपण करत आलात त्यात काही वावगे नव्हते. मात्र आठव्या महिन्यात माझे मत सूनबाईंच्या बाजूने आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या अन्नघटक तक्त्यांनुसार १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३६४ मिलिग्रॅम कॅल्शियम असते, आणि या कॅल्शियमचा मोठा वाटा दाण्याच्या सालीत असतो. भिजवलेली नाचणी वाटून फडक्यातून गाळली की खाली बसतो तो मुख्यतः स्टार्च, आणि फडक्यावर राहिलेला चोथा आपण टाकून देतो. ज्यासाठी नाचणी द्यायची, त्यातले बरेचसे चोथ्याबरोबरच जाते.

मोडाचे पीठ करायचे तर नाचणी निवडून, धुऊन दहा-बारा तास भिजवावी, पाणी निथळून ओल्या फडक्यात बांधावी आणि दीड दिवसाने बारीक मोड आले की सावलीत कडकडीत वाळवावी. मग अगदी मंद आचेवर थोडीशीच भाजून, मोड चोळून पाखडून काढावेत आणि नाचणी बारीक दळावी. आच मंद का, तेही सांगते. मोड येताना दाण्यात अमायलेज नावाचे पाचक द्रव्य तयार होते. ते स्टार्चचे विघटन करत असल्यामुळे मोडाच्या पिठाची खीर घट्ट होत नाही आणि तितक्याच पातळ खिरीत जास्त पीठ सामावते. बाळाचे पोट लहान, म्हणून प्रत्येक घासातून जास्त ऊर्जा मिळणे मोलाचे असते. करपेपर्यंत भाजले तर हा गुण नाहीसा होतो.

एक मोठा चमचा पीठ आधी थंड पाण्यात कालवावे, म्हणजे गाठी होत नाहीत. मग एक वाटी पाण्यात मंद आचेवर सात-आठ मिनिटे सतत ढवळत शिजवावे आणि खाली उतरवून अर्धा चमचा साजूक तूप व कुस्करलेले केळे घालावे. वर्षाच्या आत मीठ, साखर किंवा गूळ घालू नये आणि मध तर मुळीच देऊ नये. आईचे दूध अर्थातच चालू ठेवावे.

घरातल्या मोठ्यांसाठी याच पिठाची आंबील करा. दोन मोठे चमचे पीठ वाटीभर पाण्यात कालवून रात्रभर झाकून ठेवावे, सकाळी दोन वाट्या पाणी मीठ घालून उकळावे, त्यात हे आंबवण सोडून शिजवावे, आणि निवल्यावर ताक, ठेचलेला लसूण व जिरेपूड घालावी. चैत्र-वैशाखात दुपारच्या उन्हातून आलेल्या माणसाला मी चहाआधी हीच देईन.

प्रश्न : साखर बंद करून सगळे पदार्थ गुळाचे केले तर कितीही खाल्ले तरी चालतात का?

उत्तर : नाही. गूळ साखरेपेक्षा कमी शुद्ध केलेला असतो आणि त्यात थोडी खनिजे राहतात हे खरे, पण त्याचाही मुख्य भाग साखरच आहे. मधुमेह असलेल्यांनी गुळाला साखरेइतकेच जपावे. लाडवाला गोडी हवी असेल तर खजूर किंवा खारीक वापरा, त्यात निदान तंतुमय भाग तरी असतो, पण लाडू लिंबाएवढाच वळा.

प्रश्न : तपासणीत माझे हिमोग्लोबिन कमी आढळले. मी रोज मोडाची मटकी आणि पालेभाजी खाते, तरी फरक पडत नाही. जेवणानंतर लगेच चहा घेण्याची मला सवय आहे.

उत्तर : प्रथम, डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या असतील तर त्या बंद करू नका, कारण झालेली कमतरता नुसत्या आहाराने भरून येणे अवघड असते. आहार गोळ्यांना साथ देतो. आता आपल्या ताटाकडे वळू. वनस्पतींतून मिळणारे लोह शरीर सहज शोषून घेत नाही. कडधान्यांतील फायटेट त्याला अडवून धरते, मात्र भिजवण्याने आणि मोड आणण्याने ते काही प्रमाणात कमी होते, म्हणून मोडाची मटकी आपण खाता ते योग्यच आहे. क जीवनसत्त्व हे शोषण वाढवते, तर चहातील टॅनिन ते घटवते. आपला अडथळा बहुधा त्या चहात आहे.

मटकी रात्री भिजवून सकाळी फडक्यात बांधावी, दुसऱ्या दिवशी बोटाच्या पेराएवढे मोड येतात. लोखंडी कढईत तेलावर मोहरी, हिंग, कढीपत्ता, लसूण आणि चिरलेला कांदा परतून मटकी घालावी, झाकणावर पाणी ठेवून वाफेवर दाणा अख्खा राहील इतपतच शिजवावी. शिजत आल्यावर मूठभर शेवग्याचा कोवळा पाला घालावा. उसळ लगेच दुसऱ्या भांड्यात काढावी, कारण लोखंडी कढईत ती ठेवून दिली तर काळी पडते आणि चव बिघडते. लिंबू मात्र ताटात वाढल्यावरच पिळावे. क जीवनसत्त्व उष्णतेने नष्ट होते, त्यामुळे शिजताना घातलेल्या लिंबाचा आंबटपणा राहतो, उपयोग फारसा राहत नाही. आवळ्याच्या दिवसांत लिंबाऐवजी आवळा किसून घ्या.

चहा सोडावा असे मी म्हणत नाही. तो दुपारी चार वाजता घ्या, जेवण आणि चहा यांत किमान एक तास जाऊ द्या, आणि लोहाची गोळीही चहाबरोबर घेऊ नका. तीन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासून आकडा मला अवश्य कळवा.