एफडी मोडू नका, जामीनही राहू नका

डोंबिवलीहून एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. त्यांच्याच इमारतीत भाड्यानं राहणाऱ्या शेजारच्या वहिनींचे यजमान चार महिन्यांपूर्वी हार्ट अटॅकनं गेले. एमआयडीसीतल्या एका कंपनीत ते ९ वर्षं नोकरीला होते. वहिनींना पोळीभाजी केंद्रात १२,००० रुपये मिळतात. घरखर्च, नववीतल्या मुलाची फी आणि भिशीचा हप्ता धरला की तेवढेच संपतात. भाडं १४,०००, त्यातलं दोन महिन्यांचं थकलंय. करार पुढच्या महिन्याअखेर संपतो आणि मालक म्हणतात, थकबाकी भरा नाहीतर खोली सोडा. ताईंची स्वतःची एफडी ३ लाखांची आहे. त्यातून दीड लाख उसने द्यावेत, की पतसंस्थेच्या कर्जाला जामीन राहावं, असं त्या विचारतात. त्यांच्या मिस्टरांना दोन्ही मान्य नाही.

ताई, मिस्टरांचं मला पटतं. पण मदत करू नये असं नव्हे. तुम्ही धरलेला आकडाच चुकीचा आहे.

आधी जामिनकीचं. भारतीय करार कायदा १८७२ चं कलम १२८ सांगतं की जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. हप्ता थकला की पतसंस्थेनं आधी वहिनींच्या मागे लागावं आणि मग तुमच्याकडे यावं, असं काही बंधन नाही. पगारदार माणूस सापडतो, म्हणून वसुलीवाला तिथेच आधी येतो. शिवाय ज्यांच्या हातात महिनाअखेर एक रुपया उरत नाही त्यांना कर्ज काढून देणं ही मदत नव्हे. हा विषय इथेच संपवा.

एफडी म्हणजे तुमच्या घराची आणीबाणीची सगळी शिल्लक. ती अर्धी करून दिलेली रक्कम १२,००० कमावणाऱ्या बाईनं कशातून फेडायची? ती फिटणार नाही. मग वहिनी जिन्यात तुम्हाला टाळायला लागतील.

आता खरी गरज मोजू. थकलेलं भाडं २८,००० आणि पुढच्या तीन महिन्यांचं ४२,०००, म्हणजे ७०,०००. तीनच महिने का धरले? कारण माझ्या अंदाजानं वहिनींचे स्वतःचे पैसे कुठेतरी अडकून पडलेत आणि ते कोणी मागितलेलेच नाहीत. तुमच्या पत्रात पीएफचा उल्लेख आहे, तोही ‘थोडाफार मिळेल म्हणतात’ एवढाच.

थोडाफार नाही. पीएफची शिल्लक मिळेल ती वेगळीच. नोकरीत असताना कर्मचारी गेला तर पीएफशी जोडलेल्या ईडीएलआय या विम्यातून वारसाला पैसे मिळतात. पगार आणि पीएफची शिल्लक पाहून ही रक्कम ठरते, कमाल ७ लाख. त्याचा हप्ता कंपनी भरते, पगारातून काही कापलं जात नाही, म्हणून घरच्यांना त्याचा पत्ताच नसतो. मग पीएफ कार्यालयाकडून विधवा पेन्शन, दरमहा किमान १,००० रुपये, आणि त्याच्या २५ टक्के मुलाला, तो २५ वर्षांचा होईपर्यंत. ग्रॅच्युइटीला एरवी पाच वर्षांची अट असते, मृत्यू झाल्यास तीही नाही. मूळ पगार १४,००० धरला तरी ९ वर्षांचे ७२,००० च्या वर होतात. हे कंपनीनं द्यायचे असतात आणि मागितल्याशिवाय सहसा हलत नाहीत.

आणखी एक. यजमानांचं बँक पासबुक काढा आणि मे महिन्याची पानं बघा. तिथे ४३६ रुपयांची वजावट दिसली तर ती पंतप्रधान जीवन ज्योती विम्याची आहे. त्याचे २ लाख बँकेकडेच मागायचे. खातं उघडताना सही घेतलेली असते आणि घरात कोणाला आठवत नाही, हे मी कितीतरी पासबुकांत पाहिलंय.

हे हातात येईपर्यंतचे तीन महिने निभवायचे आहेत. तुमच्या बायकांच्या भिशीत वहिनीही आहेत, १२ जणी, दरमहा ३,०००. त्यांचा नंबर शेवटी आहे म्हणता. तो या महिन्यात घ्या. ३६,००० उभे राहतात आणि ते त्यांच्याच हक्काचे आहेत, कोणाचे उपकार नाहीत. हप्ते मात्र त्यांनी पुढेही भरायचे, म्हणून तो खर्चात धरून ठेवलाय. उरले ३४,०००. तुम्ही १५,००० द्या, परत येणार नाहीत असं धरून, पगारातून किंवा दिवाळीच्या बोनसातून, एफडीतून नाही. इमारतीतली दहा घरं प्रत्येकी २,००० देतील. झाले ७१,०००.

सोसायटीच्या सिंकिंग फंडातून तात्पुरते घ्यावेत, असं सेक्रेटरी म्हणाल्याचं लिहिलंय. मुळीच नको. तो पैसा इमारतीच्या मोठ्या दुरुस्तीचा आणि पुनर्बांधणीचा आहे. आणि ग्रुपवर वहिनींच्या नावानं, मुलाच्या फोटोसकट आवाहन टाकायचं ठरलंय, ते आधी थांबवा. त्यांना विचारलंय का? दहा घरी तुम्ही स्वतः जा. पैसे मालकाच्या खात्यात थेट भरा म्हणजे हिशेबाची कटकट राहत नाही. नात्याबाहेरच्या लोकांकडून वर्षात ५०,००० च्या वर भेट मिळाली तर ती सगळी उत्पन्नात धरली जाते. इथे ३५,०००च होतात, तेव्हा ती काळजी नाही. देणाऱ्यांना देणगीवरची आयकर सवलतही नाही, तेवढं आधी सांगा.

मालकाशी बोलताना थकबाकीचे २८,००० सोबत न्या. करार संपल्यावर त्याच खोलीत राहिलं तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानुसार दुप्पट भाडं लागू शकतं. म्हणून ‘बघू, राहा सध्या’ या तोंडी शब्दावर थांबू नका, करार नव्यानं नोंदवून घ्या. नोंदणी फी १,००० आणि थोडी स्टॅम्प ड्युटी लागेल, ती अर्धी अर्धी करा. करारात एक महिन्याच्या नोटिशीनं सोडायची मुभा ठेवायला सांगा. कारण १४,००० ची खोली वहिनींना पुढे झेपणार नाही, विम्याचे पैसे आले तरी. मुलाची वार्षिक परीक्षा झाली की दिवा किंवा टिटवाळ्याकडे लहान खोली बघावी लागेल. हे त्यांना आत्ताच सांगा. विम्याचे पैसे भाड्यात जिरले तर मुलाच्या कॉलेजला काही उरणार नाही.

तुमचे मिस्टर अकाउंट्समध्ये आहेत. त्यांना पैसे मागू नका, पीएफ कार्यालयाचा मृत्यू दाव्याचा एकत्रित फॉर्म त्यांच्या हातात द्या. मृत्यूचा दाखला, वहिनी आणि मुलाचं आधार, कॅन्सल केलेला चेक आणि यजमानांचा यूएएन, म्हणजे पीएफचा नंबर लागेल. यूएएन पगाराच्या स्लिपवर असतो. फॉर्मवर कंपनीची सही लागते. ते टाळाटाळ करू लागले तर पीएफ कार्यालयात लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या.