आशाताईंचा शब्द दवाखान्यात का चालत नाही?

प्रश्न : मॅडम, नमस्कार. मी बीड जिल्ह्यातल्या एका गावात आशा म्हणून काम करते. दसरा झाला की आमचं निम्मं गाव ऊसतोडीसाठी कोयता घेऊन सांगली-कोल्हापूरकडे जातं. गेल्या हंगामात एक कामगार मोळ्या भरताना ट्रॉलीवरून पडला, मांडीचं हाड मोडलं. जवळच्या एका धर्मादाय (ट्रस्टच्या) रुग्णालयात नेलं, तर काउंटरवरून सांगितलं, पन्नास हजार डिपॉझिट भरा, नाहीतर तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणा. तहसील इकडे, रेशनकार्डही इकडे घरात. शेवटी मजूर नेणाऱ्या मुकादमाने पैसे भरले आणि उचलीत, म्हणजे हंगामाआधी दिलेल्या आगाऊ रकमेत, धरले. मी फोनवरून सांगत होते की या घराला दीड एकर कोरडवाहूशिवाय काही नाही. पलीकडून उत्तर आलं, तुमच्या सांगण्यावर आम्ही कसं चालायचं? गावातल्या प्रत्येक घराची नोंद माझ्या वहीत आहे. मग आमचं किंवा आमच्या आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांचं पत्र का धरत नाहीत? आणि धरलं, तर आमच्याच मागे ताप लागेल का?
— एक आशा कार्यकर्ती, जि. बीड

उत्तर : ताई, आधी डिपॉझिटचं बोलते, कारण ते मागणंच चूक होतं. धर्मादाय रुग्णालयांची योजना मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने १ सप्टेंबर २००६ पासून लागू आहे. दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत, दहा टक्के दुर्बल घटकांना सवलतीत. सध्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे १ लाख ८० हजार आणि ३ लाख ६० हजार रुपये आहे. तातडीचा रुग्ण आला तर आधी दाखल करून घ्यायचं आणि अशा रुग्णांकडे अनामत मागायची नाही, हे त्या योजनेतच लिहिलेलं आहे. शिवाय पुरावा म्हणून तहसीलदारांचाच दाखला पाहिजे असं नाही, रेशनकार्डही चालतं. त्या कुटुंबाला हे काउंटरवर कोणी सांगितलं नाही याचा मला संताप येतो.

आता तुमचा खरा प्रश्न. पात्रता तपासण्याचं काम आजही रुग्णालयातला समाजसेवक करतो. मराठवाड्यातल्या एका शासकीय रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक म्हणून मी हेच काम केलं. ‘उत्पन्न किती?’ या प्रश्नाला ऊसतोड कामगार काय सांगणार? जोडप्याने लाखभर उचल घेतलेली असते. कागदावर ती कमाई दिसते, प्रत्यक्षात ते पुढच्या हंगामाचं कर्ज असतं. म्हणून मी विचारायचे, मागची उचल फिटली का? बाकी किती राहिली? घरी म्हातारी माणसं कोणाकडे आहेत? गोळ्यांची चिठ्ठी दिल्यावर पूर्ण पाकीट आणलं की चारच गोळ्या, हेही बघायचे. एवढ्यावरून घर कळतं. तलाठ्याच्या अहवालावर निघालेल्या दाखल्यातून ते कळत नाही. बागायतदाराच्या खिशातही कमी उत्पन्नाचा दाखला निघतो, हे तुम्हीही पाहिलं असेल.

त्यामुळे माझं मत स्पष्ट आहे. रुग्णाला जो ओळखतो किंवा समोर बघतो, त्याचा ‘हो’ लगेच धरावा आणि उपचार सुरू व्हावेत. कागदांची पडताळणी सरकारने मागाहून करावी. अमेरिकेत मेडिकेड या गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्य योजनेत असं चालतं. २०१४ पासून तिथलं पात्र रुग्णालय रुग्णाने सांगितलेल्या उत्पन्नावरून त्याला तात्पुरतं पात्र ठरवू शकतं. पुढच्या महिन्याच्या अखेरपर्यंत रीतसर अर्ज करायचा. नाही केला तर तात्पुरतं संरक्षण संपतं. गरोदर बायकांसाठी तर ही सोय त्याच्याही कितीतरी आधीपासून आहे.

पण ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार मात्र रुग्णालयाकडे ठेवू नये. धर्मादाय रुग्णालयात गरीब रुग्ण म्हणजे बुडालेलं बिल, म्हणून तिथे नकार लवकर येतो. विमा योजनेत उलट आहे. तिथे पैसे सरकारकडून मिळतात, म्हणून होकार सढळ हाताने येऊ शकतो. तुम्हाला आणि आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना यातलं काहीच मिळत नाही, म्हणून मला तुमचा शब्द जास्त मोलाचा वाटतो.

तापाचं विचारलंत, ती भीती रास्त आहे. सरपंचाच्या भाच्याला ‘गरीब’ लिहून द्या म्हणून कोणी दारात बसलं तर तुम्ही काय करणार? तुम्हाला त्याच गावात राहायचं आहे. म्हणून निर्णय तुमच्या एकटीच्या सहीवर असू नये. तुम्ही वहीतली माहिती द्यावी आणि वैद्यकीय अधिकाऱ्याने सही-शिक्क्यानिशी कळवावं. आणि हे काम वाढलं तर त्याचा मोबदला मिळालाच पाहिजे. आधीच मानधनावर किती कामं लादली आहेत! त्यात आणखी एक फुकटचं मला मान्य नाही.

हा नियम होईल तेव्हा होईल. तोवर एवढं करा. दसऱ्याआधी, माणसं गावात असतानाच उत्पन्नाचे दाखले काढायला लावा. रेशनकार्ड आणि आधारचे फोटो प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये असू द्या. ग्रामसेवकाकडून ऊसतोड कामगाराचं ओळखपत्रही घ्यायला सांगा.

दुसरं, १ जुलै २०२४ पासून महात्मा फुले जन आरोग्य योजना पांढऱ्या रेशनकार्डासकट सगळ्या कुटुंबांना लागू झाली आहे, पाच लाखांपर्यंत. मांडी मोडली तर आधी योजनेतलं रुग्णालय शोधा आणि तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनीसाला, भेटायला सांगा. अपघातात फोनवरून मंजुरी घेऊन उपचार सुरू करता येतात, कागद मागाहून देता येतात. चौकशीसाठी १५५३८८ किंवा १८०० २३३ २२०० हे क्रमांक आहेत.

धर्मादाय रुग्णालयातच जायची वेळ आली, तर काउंटरशी वाद घालत बसू नका. थेट समाजसेवकाला मागा आणि डॉक्टरांच्या सहीचं पत्र त्याच्या मोबाइलवर पाठवा. त्यात ‘हे कुटुंब गरीब आहे’ एवढंच लिहू नका. जमीन किती, खाणारी तोंडं किती, उचल किती आणि फिटायची किती, घरात कोणी अंथरुणाला खिळलं आहे का, हे लिहा. मी खुर्चीवर असताना असं पत्र हातात पडलं असतं, तर माझं अर्धं काम तिथेच झालं असतं. तरीही नकार आला तर तो लेखी मागा आणि त्या जिल्ह्याच्या धर्मादाय सहआयुक्त किंवा उपायुक्त कार्यालयात तक्रारीसोबत जोडा. मागच्या पन्नास हजारांची पावती त्या कुटुंबाकडे असेल, तर तीही घेऊन तक्रार करा.