नुसत्या ‘आनंदीबाई’ या नावावरून जुन्या कागदांत माणूस कसा शोधायचा?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: पणजीचं नाव आनंदीबाई, लग्नाआधी काही वर्षं ती पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात, म्हणजे त्यांनी विधवा आणि मुलींसाठी काढलेल्या शाळेत, शिकली असं घरात सांगतात. आडनावाबद्दल मात्र घरात दोन मतं आहेत. पण ग्रंथालयांच्या आणि अभिलेखागारांच्या सूचीत ‘आनंदीबाई’ टाकलं की एक तर डॉक्टर आनंदीबाई जोशी येतात, नाहीतर राघोबादादांच्या आनंदीबाई. पणजी काही सापडत नाही.

पुण्यातल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात मी बरीच वर्षं कॅटलॉगिंग केलं. तो अनुभव धरून सांगते. आधी हे नाव बाजूला ठेवा. लग्नाआधी सदनात असताना तुमची पणजी बहुतेक आनंदीबाई नव्हतीच. ते सासरचं नाव असणार.

त्या काळात लग्नात आडनावाबरोबर पहिलं नावही बदलायचं, हे आपल्याला माहीत असतं, पण शोधताना नेमकं तेच विसरतो. डॉक्टर आनंदीबाई माहेरच्या यमुना. न्यायमूर्ती रानड्यांच्या रमाबाई, त्याही माहेरच्या यमुनाच, कुर्लेकरांच्या. एका यमुनेची आनंदी झाली, दुसरीची रमा. तुमच्या शोधाला आडवी येणारी तिसरी म्हणजे आनंदीबाई कर्वे. 1889 मध्ये मुंबईला शारदा सदन उघडलं तेव्हाच्या अगदी पहिल्या विद्यार्थिनींपैकी त्या, पण तेव्हा त्या गोदूबाई होत्या: माहेरच्या जोशी, पहिल्या लग्नाने नातू. 1893 मध्ये धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह झाला आणि मग आनंदीबाई. म्हणजे ‘शारदा सदन’ आणि ‘आनंदीबाई’ एकत्र टाकलंत तर हमखास त्याच येणार, आणि त्यासुद्धा त्या काळच्या कागदात त्या नावाने नसणार.

आता स्पेलिंग. अमेरिकेतल्या कागदांत डॉक्टर आनंदीबाईंचं आडनाव शेवटी दोन ‘ई’ लावून लिहिलेलं असतं, आपण लिहितो तसं ‘आय’ लावून नाही. 1888 मध्ये बोस्टनला त्यांचं इंग्रजी चरित्र निघालं, त्याच्या मुखपृष्ठावर तर नावच ‘आनंदाबाई’ आहे. त्याच पुस्तकाच्या उपशीर्षकात त्यांना पंडिता रमाबाईंची नातलग म्हटलंय, त्यामुळे रमाबाईंना शोधणाऱ्यालाही ते पुस्तक भेटतं आणि तो बुचकळ्यात पडतो. मराठीत शोधत असाल तर जुनं शुद्धलेखन विसरू नका. 1962 च्या नियमांनी उच्चारात नसलेले अनुस्वार गेले. त्याआधीची पुस्तकं ‘कांहीं’, ‘नांव’, ‘आयुष्यांतील’ अशी छापलेली, आणि सूची करणाऱ्याने मुखपृष्ठावरून जसंच्या तसं उतरवलं असेल तर तुमच्या आजच्या ‘काही’ला ते पुस्तक लागत नाही. स्कॅन केलेल्या पुस्तकांत यंत्राने वाचलेला मजकूर असतो, त्यात ‘रव’चा ‘ख’ आणि ‘ख’चा ‘रव’ झालेला असतो. म्हणून पूर्ण नाव टाकण्याऐवजी नावाचा तुकडा टाकून पाहा.

शिवाय सूचीत आडनाव आधी येतं. ‘रानडे, रमाबाई’ सरळ सापडतात. पंडिता रमाबाई माहेरच्या डोंगरे, लग्नाने मेधावी, पण कोणी त्यांना त्या नावांनी ओळखत नाही. त्या कुठे रमाबाई, कुठे सरस्वती, कुठे पंडिता या शब्दाखाली सापडतात. मोठी ग्रंथालयं अशा वेळी नावापुढे जन्ममृत्यूची सालं लावतात: पंडिता 1858–1922. नावं सारखी असली तरी सालावरून माणूस वेगळा काढता येतो, म्हणून सूचीत ती सालं असतील तर आधी तिकडे बघायची सवय लावा.

माझी फजिती सांगते. एका संग्रहात 1882 सालच्या पुण्यातल्या बायकांच्या सभांबद्दलचे काही कागद मी चाळत होते. सगळीकडे नुसतं ‘रमाबाई’. दोन दिवस टिपणं काढली आणि तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की निम्मी टिपणं भलत्याच रमाबाईंची आहेत. पंडिता रमाबाई त्या वर्षी पुण्यात आल्या, त्यांनी आर्य महिला समाज काढला, आणि रमाबाई रानडे त्यांच्या सभांना जात. एकाच खोलीत दोन रमाबाई! सुटका झाली ती कागदातल्या बाकीच्या माणसांमुळे. कोणाच्या घरी बैठक, सोबत कोण, यजमानांचा उल्लेख आहे का, यावरून कोणती रमाबाई ते कळत गेलं.

तुम्हालाही तोच रस्ता. सरकारी अभिलेखागारात कागद माणसांच्या नावाने लावलेले नसतात. मुंबईच्या अभिलेखागारात खातं, साल, खंड असा माग काढत जावं लागतं. तिथे जाऊन ‘आनंदीबाई’ विचारलंत तर कर्मचारी तुमच्याकडे बघत राहतील, आणि त्यांची चूक नाही. तेव्हा पणजी सदनात कुठल्या सालांत होती ते आधी ठरवा. 1889 मध्ये मुंबई, 1890 च्या अखेरीला पुणे. घरच्या गोष्टीत मुंबई येते की पुणे? आणि तिला मधूनच घरी परत आणलं असं कोणी सांगतं का? तसं असेल तर 1893 वर बोट ठेवा. धर्मांतराच्या वादावरून त्या वर्षी रानडे आणि भांडारकर सदनाच्या सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि बऱ्याच पालकांनी मुली काढून नेल्या. वर्तमानपत्रं त्या वादाने भरलेली आहेत. सदनाला पैसा पुरवणारी संस्था बोस्टनला होती, तिचे वार्षिक अहवाल इंग्रजीत छापले जात, त्यातले काही आंतरजालावर चाळायला मिळतात. सालं ठरली की ते पानोपान वाचा. शोधपट्टीत नाव टाकून नाही, वाचाच. वेळ जाईल, पण हजार नोंदींत चाळण्यापेक्षा कमी जाईल.

माहेरचं नाव मात्र ग्रंथालयात मिळायचं नाही. घराण्याचा कुलवृत्तांत छापलेला असेल तर तो बघा, त्यात सुनांची माहेरं बरेचदा दिलेली असतात. तिथे नसेल तर नाशिक, त्र्यंबकेश्वर किंवा पंढरपूरला तुमच्या घराण्याचे उपाध्ये कोण ते शोधा. यजमान घराण्यांच्या पिढ्यांच्या नोंदी असलेल्या त्यांच्या वह्या गाव आणि आडनावावरून लागतात. आडनावाबद्दल घरात दोन मतं आहेत म्हणता, तर दोन्ही आडनावं आणि मूळ गाव घेऊन जा. पण या सगळ्याच्या आधी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला विचारा की पणजीचे भाऊ तिला काय हाक मारायचे. माहेरचे लोक सासरचं नाव सहसा घेत नसत. ते नाव कळलं की इथेच खाली लिहा, मी माझ्या जुन्या टिपणांत बघते.