मुंढा कुठंय?

मी करिअर समुपदेशक. परीक्षांचा मोसम आला की माझ्याकडे एक प्रश्न हमखास येतो. "मुलगी फॅशन डिझायनर व्हायचं म्हणते. हुशार आहे. एवढं शिकून शेवटी टेलरच व्हायचं का?" विचारणारे बहुतेक वेळा वडील असतात. माझं उत्तर बरीच वर्षं तोंडपाठ होतं: डिझायनर वेगळा, टेलर वेगळा, एक कल्पना करतो, दुसरा शिवतो. हल्ली मी ते देत नाही.

कारण एक मुलगी. तिला सई म्हणू. नाव बदललंय. इचलकरंजीजवळच्या गावातली, बारावी सायन्सची परीक्षा नुकतीच संपलेली. कोल्हापुरातल्या माझ्या ऑफिसात पहिल्यांदा एकटीच आली, जाडजूड स्केचबुक घेऊन. फॉर्मवर वडिलांचा व्यवसाय 'बिझनेस' लिहिलेला. चित्रं खरंच देखणी होती. "पप्पा ऐकूनच घेत नाहीत," ती म्हणाली. "मशीनवर बसायचं होतं तर बारावी कशाला केलीस, म्हणतात." मी म्हटलं, घेऊन ये त्यांना.

आठवड्यानं दोघं आले. मी माझी नेहमीची कॅसेट लावली. भानू अथैयांचं उदाहरण दिलं. त्या आपल्या कोल्हापूरच्या, मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या, आणि १९८३ मध्ये 'गांधी' चित्रपटाच्या वेशभूषेसाठी ऑस्कर मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय. वर असंही म्हणून गेले, "त्या काही टेलर नव्हत्या!" वडील शांतपणे ऐकत होते. सईची मान खाली गेली होती आणि मला ती दिसत असूनही कळली नाही.

"टेलर म्हंजे वाईट का मॅडम?" त्यांनी विचारलं. "न्हाई, मी टेलर हाय. सव्वीस वर्षं."

माझ्याच ऑफिसात मला कुठं बघावं ते सुचेना. माफी मागितली. ते हसले, म्हणाले, सवय हाय. मग बोलायला लागले. लग्नसराईत सुटांच्या ऑर्डरी असायच्या. रेडिमेड आलं आणि पँट-शर्ट शिवून घेणारं गिऱ्हाईक आटलं. आता जूनमध्ये शाळांचे गणवेश, बाकी वर्षभर विकतच्या जीन्स आखूड करायच्या. मानेला पट्टा, पाठ गेलेली. "पँट हजाराची घेत्यात आणि अल्टरचे पन्नास द्यायला कुरकुरत्यात. हिनं ह्यात यायचं न्हाई."

म्हणजे या माणसाला धंदा माहीत नव्हता म्हणून तो अडवत नव्हता. त्याला तो माझ्यापेक्षा कितीतरी जास्त माहीत होता. लाखो रुपये घालून पोरगी पुन्हा त्याच खुर्चीत बसणार, ही त्याची भीती होती. त्या भीतीला 'समाजात मान आहे हो' हे उत्तर नव्हतं.

उठता उठता त्यांनी स्केचबुक ओढलं. एका खांद्याचा, खाली घोळदार असा गाऊन होता. चष्मा लावून बराच वेळ बघितला. "मुंढा, बाही लागायची जागा, कुठंय ह्याचा? हात वर केला की सगळा गाऊन वर यील. चेन कुठनं? ही बाई ह्यात शिरली कशी?"

"ते शिवणारा बघेल ना, पप्पा," सई म्हणाली.

खोलीत काही क्षण कुणीच बोललं नाही. समुपदेशकानं रागवायचं नसतं, पण मला राग आला, आणि थोडा स्वतःचाही. हे वाक्य दहा मिनिटांपूर्वी मीच तिला शिकवलं होतं.

तिला कपड्यांची ओढ आहे की चित्रांची, हे मला अजून कळलेलं नव्हतं. चित्रांचीच असेल तर तिच्यासाठी इलस्ट्रेशन, अॅनिमेशन अशा वाटा आहेत, त्या कमी नाहीत. म्हणून गृहपाठ दिला. सुट्टीत हाच गाऊन मांजरपाटात, साध्या सुती कापडात, शिवायचा. तिनं विचारलं तरच पप्पांनी सांगायचं, मशीनला हात लावायचा नाही.

निकालानंतर सई आली. ७९ टक्के. पिशवीत तीन गाऊन. पहिल्याला उजवी बाही डावीकडं लागलेली. दुसऱ्याचा घोळ पुठ्ठ्यासारखा उभा. का, ते तिनं विचारलं तेव्हा उत्तर आलं, "उरेब काप," म्हणजे कापड तिरकं काप. तिसरा बऱ्यापैकी पडत होता. "मॅडम, कागदावर मी रेघ वळवली होती तिथं कापड वळतच नाही," असं ती सांगत होती आणि बोलताना तो गाऊन उलटा करून मला आतली शिलाई दाखवत होती. तेव्हा मला उत्तर मिळालं. वडिलांनी नियम मोडल्याचंही तिनं सांगितलं: रात्री उठून एक वाकडी टीप गुपचूप उसवून ठेवली होती.

पुढचं सगळं व्यवहाराचं. निफ्टची (फॅशन शिक्षणाची सरकारी संस्था) प्रवेशपरीक्षा बारावीच्या परीक्षेआधीच, हिवाळ्याच्या शेवटी होते. बहुतेक घरांना हे निकालानंतर कळतं, यांनाही तेव्हाच कळलं, म्हणजे एक वर्ष थांबणं आलं. चार वर्षांची पदवी, कोणतीही शाखा चालते, महाराष्ट्रात कॅम्पस खारघरला. गुणांत सर्जनशीलतेच्या पेपरला ५० टक्के वजन, सामान्य क्षमतेला ३०, आणि उरलेले २० सिच्युएशन टेस्टला. तिथं समोर सामान ठेवतात आणि हातानं काहीतरी घडवायला सांगतात. शिक्षणशुल्कच चार वर्षांचं दहा लाखांच्या पुढं जातं. आकडा ऐकून वडिलांनी पाण्याचा ग्लास उचलला. मी पुढंही सांगितलं, की स्वतःचं लेबल ही पहिली पायरी क्वचितच असते. सुरुवात निर्यातीच्या कंपनीत सॅम्पलिंगला (नमुन्याचे कपडे शिवायला), पॅटर्न रूममध्ये (कापडासाठी कागदी साचे काढतात तिथं) किंवा मर्चंडायझर (ऑर्डरी सांभाळणारी) म्हणून होते, आणि त्यासाठी बेंगळुरू, तिरुपूर, दिल्लीकडं जावं लागू शकतं.

एका खासगी संस्थेचं माहितीपत्रकही वडिलांनी आणलं होतं, पानभर रॅम्पचे फोटो. कर्ज काढण्याआधी तिथं जाऊन किती मुलांमागं एक मशीन आहे ते मोजा, असं मी म्हटलं. त्यांनी भर घातली ती माझ्या यादीत कधीच नव्हती: "पोरांनी शिवलेले कपडे उलटे करून बघायचे." आता मी हे सगळ्या पालकांना सांगते.

वाया जाणाऱ्या वर्षाचं काय, तर आयटीआयला फॅशन डिझाईनचा एक वर्षाचा ट्रेड आहे, दहावीवर होतो. सईला सायन्स करून आयटीआय म्हणजे कमीपणा वाटला, दोन दिवस रुसली. मग गेली. निफ्टचा फॉर्मही भरलाय. मिळेल की नाही, मला सांगता येत नाही, आणि मी सांगितलेलंही नाही.

परवा वडिलांचा फोन आला. आवाज चढलेला. "मॅडम, तिला जरा सांगा. पॅटर्नचे कागद माझ्या कापडाच्या कात्रीनं कापते. धार जाती हो." कागदाला वेगळी कात्री घेऊन द्या, म्हटलं.

"घेतली," ते म्हणाले. "तरी माझीच उचलते."