रॅप ९३ वर, हाऊस १२४ वर

प्रश्न : ९३ बीपीएमच्या (मिनिटाला ९३ मात्रांच्या) गाजलेल्या हिप-हॉप गाण्याचा १२४ वर हाऊस (क्लबमधलं नृत्यसंगीत) रीमिक्स करतोय. रॅपचा वेग वाढवला की आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा लागतो. — एक वाचक, म्हापसा

उत्तर : ९३ चे १२४ म्हणजे वेगात थेट एक-तृतीयांश वाढ. सूर न बदलता एवढा वेग वाढवायचा तर सॉफ्टवेअर आवाजातले बारीक तुकडे गाळतं आणि उरलेले जोडतं. त्यात 'त', 'क', 'प' चिरडले जातात, आणि रॅपचा सगळा जीव तिथेच असतो. एबलटन या संगीताच्या सॉफ्टवेअरमध्ये वेग बदलण्याची 'कॉम्प्लेक्स प्रो' पद्धत लावून पाहा, थोडा फरक पडेल. दहा टक्क्यांपर्यंत बहुधा खपून जातं, तेहेतीस नाही.

त्यापेक्षा रॅपला हातच लावू नका. ९३ च्या तीन मात्रा आणि १२४ च्या चार मात्रा सारख्याच वेळात, १.९४ सेकंदांत, संपतात. रॅपचे तीन बार (एक बार म्हणजे चार मात्रा) हाऊसच्या चार बारांत नेमके बसतात आणि चाल छान तिरपी लागते. मात्र सोळा बारांचा अंतरा हाऊसच्या एकवीस बारांच्याही थोडा पुढे जाऊन संपतो, आणि ड्रॉप (ठेका पूर्ण जोरात येण्याची जागा) भलत्याच ठिकाणी येतो. म्हणून बाराच बार घ्या, ते बरोबर सोळात मावतात. कुठल्या ओळी गाळायच्या हे कानाने ठरवा.

हाऊसचा हट्ट नसेल तर १७४ वर ड्रम अँड बेस (वेगवान नृत्यसंगीत) करा. त्याचं निम्मं ८७, म्हणजे रॅप जेमतेम साडेसहा टक्के मंद होतो.

तयार गाण्यातून स्टेम (गायन, ड्रम्स, बेस असे सुटे भाग) वेगळे करताना रॅपच्या मागे मूळ हाय-हॅटची (ड्रमवरच्या झांजेची) कुजबुज राहतेच. ती तुमच्या हॅटशी जुळणार नाही, तेव्हा दोन शब्दांमधल्या जागा हाताने कापा आणि प्रत्येक तुकड्याला ५ मिलिसेकंदांचा फेड (आवाजाचा चढ-उतार) द्या. फेड विसरलात तर टिक-टिक ऐकू येईल.

प्रश्न : किक (मोठ्या ड्रमचा ठोका) वाजली की ८०८ चा (ड्रम मशीनचा लांब घुमणारा) बेस गढूळ होतो. — एक वाचक, मडगाव

उत्तर : १२४ वर दोन किकमध्ये फक्त ४८४ मिलिसेकंद असतात आणि ८०८ ची शेपटी सेकंदभरही चालते. ती पुढच्या किकांवर चढते. स्टेममधून काढलेला बेस टाकून द्या, नवा वाजवा, शेपटी २५० मिलिसेकंदांच्या आसपास तोडा, मग साइडचेन (किक वाजताच बेस आपोआप दाबणारी जोडणी) लावा. नुसत्या साइडचेनने भागत नाही.

प्रश्न : चतुर्थीच्या आरतीत फोनवर टिपलेलं घुमट (मातीचं चर्मवाद्य) रीमिक्समध्ये घालता येईल? — एक वाचिका, फोंडा

उत्तर : घालता येईल, पण ते रेकॉर्डिंग नको. कासाळ्यांचा (झांजांचा) झणकार सगळीकडे पसरलेला असतो आणि स्टेमचं सॉफ्टवेअर घुमट, शामेळ (हेही तालवाद्य), कासाळे सगळं 'ड्रम्स'मध्येच ढकलतं. घुमट एकटंच वाजवून घ्या. एक माइक चामड्याकडे, दुसरा उघड्या तोंडाकडे. तोंडावरच्या हाताच्या उघडझापीने सूर घसरतो, तो ८०८ च्या घसरणीसारखाच लागतो. दोन्ही माइक एकत्र ऐकून घुमार पातळ वाटला, तर एकाचा फेज (ध्वनिलहरीची दिशा) उलटा करा.

प्रश्न : मूळ कलाकाराचं नाव देऊन रीमिक्स नेटवर टाकला तर चालेल? — एक वाचक, पणजी

उत्तर : नाही. रेकॉर्डिंगचा हक्क एकाचा, शब्द-चालीचा दुसऱ्याचा असू शकतो, आणि दोघांचीही लेखी परवानगी लागते. कॉपीराइट कायद्याच्या ३१-सी कलमातली पाच वर्षांनंतरची सवलत नव्याने गायलेल्या कव्हरसाठी आहे, मूळ आवाज उचलण्यासाठी नव्हे. क्लबने भरलेली लायसन्स फी तिथे गाणी वाजवण्यापुरती असते.